मानेमागचे केस

हॅवरस्टॉक हिलचा चढ सुरू होण्याआधी बसला तिसरा घोडा जोडतात. दिवसातून कितीदा तरी जोडतात, आणि तरीही तो घोडा प्रत्येक वेळी आजच नोकरीला लागल्यासारखा पहिला हिसका मारतो. चाळीस वर्षं मी या रस्त्यानं जाते-येते आहे, त्यामुळे पायथ्याशी बस थांबली की माझा हात आपोआप दांडीकडे जातो. त्या गुरुवारी गेला नाही. माझे दोन्ही हात मांडीवरच्या पिशवीवर होते, पिशवीत खोकल्याच्या गोळ्यांची रिकामी डबी होती, आणि डबीत माझ्या भावाचे केस होते. हिसका बसला तशी मी मागे आदळले आणि समोरची बाई माझ्या अंगावर आली. तिची हॅट माझ्या हॅटवर, तिची छत्री माझ्या पायांवर, आणि तिच्या गळ्यापाशी लावलेला ब्रोच माझ्या शालीत. ती मागे सरायला गेली तर शालही तिच्याबरोबर निघाली. "हलू नका बाई, अजिबात हलू नका," ती म्हणाली, "लोकर उसवेल." मी हलले नाही. सत्तरी गाठलेल्या बाईला न हलण्याची सवय असते. आम्ही दोघी नाकाला नाक लावून बसलेल्या पाहून कंडक्टर मागच्या पायरीवरून डोकावला. "काय बाईसाहेब, दोघींचं मिळून एकच तिकीट फाडू का?" "तुझं तोंड फाड," ती म्हणाली, आणि लगेच मला म्हणाली, "माफ करा हं. जीभ फार सुटते माझी." बसच्या तळाशी पसरलेल्या पेंढ्यावर पाय रोवून तिनं हातमोजा दातांनी ओढून काढला. तिच्या बोटांची टोकं हिरवी होती, धुऊन न जाणारी, आतवर मुरलेली हिरवी. कापडाची फुलं करणाऱ्या बायकांची बोटं अशी असतात, पानांचा रंग त्यांच्या कातडीतच राहून जातो. त्या बोटांनी ती माझ्या शालीचा एकेक धागा पिनेवरून उतरवू लागली, आणि उतरवता उतरवता म्हणाली, "घाई करून चालत नाही. ब्रोच साधाच आहे, पण आत ऑगस्टिन पेनफोल्डचे केस आहेत."

ऑगस्टिन पेनफोल्ड माझा भाऊ. माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. वारला त्याला चार वर्षं झाली. रिकाम्या घरावरची त्याची ती दीर्घ कविता वाचून एके काळी अर्धं इंग्लंड रडलं, उरलेल्या अर्ध्यानं रडल्याचं सांगितलं. तो होता तोवर मी त्याचं घर सांभाळलं, पस्तीस वर्षं. हे सगळं मी त्या बाईला त्याच क्षणी सांगायला हवं होतं. पण ब्रोच माझ्या डोळ्यांपासून चार बोटांवर होता आणि माझी नजर आधीच त्यात गेली होती. लंबगोल काचेखाली चार पेडांची चपटी वेणी, तपकिरी, आणि चढावरच्या झाडांमधून ऊन आत आलं की जरा तांबूस. माझ्या मानेमागे, अंबाड्याखाली, एकदम टोचल्यासारखं झालं. वीसेक वर्षांत त्या जागी टोचलं नव्हतं. एके काळी तिथले केस मी सतत कापत असे. उन्हाळ्यात त्यांचे खुंट कॉलरला घासत आणि मी चर्चमध्ये बसल्या बसल्या मान हलवी, आणि मागच्या बाकावरच्या बायकांना वाटे, प्रवचन हिला फार पटतंय. ब्रोचमधले केस माझे होते.

माणसाला आपला आवाज ओळखू येत नाही, आपली चाल तर नाहीच, पण आपले केस ओळखू येतात, निदान बाईला येतात. सकाळी विंचरताना फणीत आलेले केस गुंडाळून आरशापुढच्या चिनीमातीच्या भांड्यात टाकायचे, हे मी आठव्या वर्षापासून करत आले. ते भांडं भरत जाताना बघितलेलं असतं. त्याचा रंग आधी तपकिरी, मग तपकिरीत राखाडी, मग राखाडी, मग हा आताचा, ज्याला नाव नाही. ऑगस्टिनचे केसही तरुणपणी असेच तपकिरी, कानांखाली रुळणारे. त्याच्या पंचविसाव्या वर्षीचं चित्र आहे ना, पुस्तकांच्या पहिल्या पानावर छापतात ते, तसेच. पण ती कविता गाजली तेव्हा तो चाळिशी ओलांडून गेला होता आणि कपाळ टाळूपर्यंत पोचलं होतं. लोकांना हे कुठं ठाऊक. लोक चित्र बघत आणि पत्र लिहीत. त्या काळी प्रिय माणसाचे केस मागून घेणं, वेणी घालून गळ्यात, बोटात, मनगटात बाळगणं ही सभ्य आणि रोजची गोष्ट होती. घरात कुणी गेलं की शोकाच्या कपड्यांबरोबर केसांचा ब्रोचही करायला टाकत. ज्यांच्या माणसाचे केस कापून ठेवायचे राहून गेले, ते कवीचे मागत. पहिलं पत्र डेव्हनमधल्या एका विधवेचं आलं. ऑगस्टिननं ते न्याहारीच्या टेबलावर वाचलं, डोक्यावर हात फिरवला, आणि हेरिंग माशाचा काटा बाजूला काढत म्हणाला, "लेटी, बाईनं नेमकं माझ्याकडे नाही तेच मागितलंय." हसत म्हणाला, पण त्याचे कान लाल झाले. तो देखणा होता आणि ते त्याला माहीत होतं, आणि आता ते चाललं होतं हेही माहीत होतं. मी उठले. वर जाऊन अंबाडा सोडला, मागची खालची एक बट धरली आणि शिवणाच्या कात्रीनं कापली. त्यानंतर आठेक वर्षांत तशा चाळीस तरी बटा गेल्या असतील. खालचे केस असल्यामुळे कुणाला कळलं नाही. त्याला मात्र कळलं होतं. एकदा माझ्या खोलीच्या दारात उभा राहून म्हणाला, "तुझे केस माझ्या कवितांपेक्षा लांबवर पोचले." मग आत येऊन त्यानं कात्री माझ्या हातातून घेतली, आणि मला वाटलं, आता रागावणार. "डावीकडे जरा जास्त झालंय," तो म्हणाला, आणि त्यानं ते सारखं करून दिलं.

पत्रं मीच लिहीत असे. रविवारी मटणाचं जेवण झालं की तो पन्नास कोऱ्या कागदांच्या तळाशी नुसत्या सह्या करून ठेवी, आणि आठवडाभर त्या सह्यांच्या वर मी उत्तरं लिही. आम्हा दोघांचं अक्षर आईनं एकाच पाटीवर वळवलेलं, त्यामुळे कुणाला फरक दिसला नाही. हल्ली सायकलवरून फिरणाऱ्या एक बाई माझ्याकडे आल्या होत्या, मासिकात लिहितात. त्यांना हे सांगितलं तर त्यांचे डोळे चमकले. "आणि तुम्ही स्वतः कधीच काही लिहिलं नाहीत?" म्हणाल्या. "लिहिलं की," मी म्हटलं, "धोब्याची यादी." त्यांना वाईट वाटलं. त्यांना माझ्यासाठी रडायचं होतं आणि मी रडू देत नव्हते. खरं सांगायचं तर मला कविता कधी सुचली नाही आणि न सुचल्याचं दुःखही झालं नाही. तिसाव्या वर्षी, वडील गेल्यावर, लीड्समधल्या एका गिरणीवाल्याच्या पाच मुलींना शिकवायला मी निघाले होते; ट्रंकेला दोरी बांधून झाली होती. ऑगस्टिन लंडनहून नॉरफोकला आला, कोटही न काढता खाली बसला आणि स्वतःच्या हातांनी त्यानं ती दोरी सोडली. "लेटी, वाक्य कुठं संपवावं ते मला कळत नाही," तो म्हणाला, "तू ऐकत असलीस की कळतं." नखं तुटली त्याची त्या गाठीनं. त्या पाच मुलींची तोंडं मी कधी बघितली नाहीत याबद्दल मी आजही रोज देवाचे आभार मानते, आणि देवाच्या आधी त्याचे. मला माझी खोली मिळाली, खोलीत शेगडी, खिडकीत बदामाचं झाड, आणि एक माणूस मिळाला जो दुपारभर लिहिलेलं पहिल्यांदा मला वाचून दाखवी आणि मी गप्प बसले की एक शब्द न बोलता कडवं खोडून टाकी. फार थोड्या बायकांना एवढं मिळतं. तरी त्या सायकलवाल्या बाई गेल्यावर, कप विसळता विसळता मनात आलंच की या सगळ्यात मी कुणाला ठाऊक आहे. खालची सही त्याची होती. वर जे होतं ते कुणाचं, असं कुणीही कधी विचारलं नव्हतं, आणि आता विचारायला ती पत्रं तरी कुठं असणार.

"सुटलं," ती बाई म्हणाली. शालीला भोकही पडलं नव्हतं. तिनं ब्रोच कोटाच्या बाहीवर पुसला, मला दाखवायला पुढे धरला आणि आपलं नाव सांगितलं, मिसेस क्लेग, होबर्नच्या मागे राहते, एका दुकानासाठी हॅटवरची फुलं करते, व्हायोलेटची फुलं करण्यात माझा हात धरणारी कुणी नाही. "ही वेणी मीच घातली. वेणी करणाऱ्यांकडे द्यायची माझी छाती झाली नाही. बदलतात म्हणे केस. धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात उकळले, गुंता काढला, वजनं लावून चार पेड घातले. बघा, एक तरी केस बाहेर आलाय का." मी म्हटलं, नाही, फार सुरेख आहे. आणि खरोखरच होती. माझ्या केसांची इतकी सुरेख वेणी मी स्वतः कधी घातली नव्हती. "लांब होते पण," ती म्हणाली, "चांगले वीतभर. एवढे लांब मी बाप्याचे बघितले नाहीत. पण कवी लोक केस वाढवतात ना." मी खिडकीबाहेर बघितलं. ज्यात पकडली जाण्याची शक्यता होती ती एकच गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती. माझ्या दृष्टीनं ती खालची, आखूड बट होती.

मग तिनं पत्राची गोष्ट सांगितली. अठ्ठावीस वर्षांपूर्वी तिची सहा वर्षांची मुलगी, एफी, तापानं गेली. बुधवारी घसा धरला आणि रविवारी गेली. ताप पसरू नये म्हणून कपडे, बाहुली, उशी सगळं जाळलं, आणि कुणाला सुचलं नाही, तिचे केसही कापून ठेवले नाहीत. तिच्या चॅपेलमधल्या एका बाईंनी रिकाम्या घराची कविता वाचून दाखवली. "मला निम्मी समजली नाही," मिसेस क्लेग म्हणाली, "पण एक जिना येतो ना त्यात, वरून कुणी उतरत नाही तो, तो समजला." तिनं कवीला पत्र लिहिलं, केस मागितले. उत्तर आलं. "मला वाटलं, मोठा माणूस, स्वर्गाबिर्गाबद्दल लिहील. एक अक्षर नाही. लिहिलं होतं, दुपारी चार वाजता काहीतरी खात जा. भूक नसली तरी. उकडलेलं अंडं का होईना. चार ते सहा ही वेळ वाईट, त्या वेळी उपाशी राहिलं की जग संपलं असं वाटतं, आणि ते निम्मं पोटामुळे वाटतं. अंड्याबरोबर मीठ घ्या. बस. मी त्या दिवशी चारला अंडं खाल्लं. दुसऱ्या दिवशी खाल्लं. तेव्हापासून खातेय. नवरा म्हणायचा, तुझा देव कोंबडीच्या पोटी आलाय." ती हसली, आणि डोळे पुसायला तिनं हिरवी बोटं डोळ्यांवर दाबली. "मला एवढंच कळत नाही बाई, बाप्याला हे कसं ठाऊक? चार वाजताचं?"

बस चढावर होती. तिन्ही घोडे रेटून ओढत होते आणि गाडी जरा मागे झुकली होती, त्यामुळे सगळ्या प्रवाशांचे चेहरे किंचित वर झाले होते. ते पत्र मला आठवत नव्हतं. अगदी प्रामाणिकपणे शोधलं, आठवलं नाही. चार वाजताचं मात्र आठवत होतं. आई गेली तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते, आणि रोज चार वाजता नॉरफोकच्या त्या स्वयंपाकघरात पश्चिमेच्या खिडकीतून ऊन येई आणि बरोबर तिच्या खुर्चीवर पडे. वडील रोग्यांकडे गेलेले, ऑगस्टिन कॉलेजात. घरात मी आणि ते ऊन. एकदा मी त्या खुर्चीपुढे उभी राहून, नुसतं काहीतरी करायचं म्हणून, पावाचा शिळा तुकडा मीठ लावून खाल्ला, आणि पुढचा तास जगता आला. हे मी ऑगस्टिनला कधी सांगितलं नाही. कुणालाच नाही. कुठल्या तरी मंगळवारी, पत्रांचा ढीग उपसताना, होबर्नच्या मागे राहणाऱ्या एका बाईला सांगितलं, आणि विसरून गेले. तिनं ते एवढी वर्षं पाळलं. मी पिशवी घट्ट धरली. आभार कुणाचे मानायचे तेही कळेना. आणि त्याच वेळी भीतीही वाटली, कारण तिनं आता आपल्या पिशवीतून एक पुठ्ठ्याचं कार्ड काढलं होतं.

"वर चाललेय, त्याच्या घरी," ती म्हणाली. "म्युझियम केलंय ना. हा ब्रोच त्यांच्या काचेच्या पेटीत द्यायचाय, आणि त्याच्याशेजारी हे कार्ड. देणाऱ्याचं कार्ड लावतात, मी पत्र घालून विचारलंय." कार्डावर काळजीपूर्वक, रेघा आखून लिहिलं होतं, 'एफी क्लेग, वय वर्षे सहा, हिच्या स्मरणार्थ, तिच्या आईकडून.' "सार्वजनिक कबरीत पुरलं तिला, आमची ऐपत नव्हती. एकावर एक सात पेट्या, वर दगड नाही. तिचं नाव कुठंच लिहिलेलं नाही बाई. मी गेले की संपलं. तिथं काचेखाली राहील. फक्त एक आहे, त्याची बहीण अजून आहे म्हणे, ती बघून सांगते केस खरे का खोटे, मग वहीत सही करते. माझी नणंद म्हणते, कुत्र्याचे असतील. बहीण ओळखेल ना?" मी म्हटलं, "ओळखेल." यापुढे काही म्हणण्याइतका वेळ होता. हॅम्पस्टेडचा थांबा येईपर्यंत चांगली दहा मिनिटं होती, आणि ती दहाही मिनिटं मी रस्त्यातली दुकानं वाचत बसले. उतरताना तिनं मला हात दिला.

मी कोण हे तिला दारात कळलं. स्मृतिमंडळाचे चिटणीस मिस्टर ऑस्गुड, निवृत्त शाळामास्तर, ऑगस्टिनच्या दोन हजार ओळी त्यांना पाठ आहेत आणि थांबवलं नाही तर म्हणतात, त्यांनी पायरीवरच "यावं, यावं, मिस पेनफोल्ड" म्हणून माझी छत्री काढून घेतली. मिसेस क्लेगनं माझ्याकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर आधी लाज आली, मग हिशेब, की बसमध्ये आपण काय काय बोललो. "तुम्ही बोलला का नाहीत?" तिनं हळूच विचारलं. मी म्हटलं, "धीर झाला नाही." तिला तो नम्रपणा वाटला.

आमची बैठकीची खोली मिस्टर ऑस्गुडनी इतकी नीटनेटकी ठेवली आहे की ऑगस्टिन आला तर बूट काढून उभा राहील. खिडकीपाशी काचेची पेटी, तिच्यात त्याची लेखणी, चष्मा, आणि पांढऱ्या मखमलीवर तपकिरी केसांच्या तीन बटा. मी गेल्या महिन्यात आजारी असताना त्या आल्या होत्या. "बघा," मिस्टर ऑस्गुड हातावर हात चोळत म्हणाले, "एक बाथहून, एक यॉर्कहून, एक थेट कॅनडातून. तीन ठिकाणचे लोक, एकमेकांना ओळखत नाहीत, आणि केस तंतोतंत एक. याहून मोठा पुरावा कोर्टसुद्धा मागणार नाही. आता ही चौथी." त्यांनी मिसेस क्लेगचा ब्रोच त्या बटांशेजारी धरला. जुळला. जुळणारच. मी चार तुकड्यांत माझ्यासमोर पडले होते, कॅनडातून बोटीनं आलेली, यॉर्कहून आलेली, आणि एक गृहस्थ मला माझा भाऊ म्हणून दाखवत होते. मला हसू येत होतं. त्यांनी वही उघडली, लेखणी शाईत बुडवून माझ्यापुढे धरली. मिसेस क्लेगनं कार्ड दोन्ही हातांत धरलं होतं, मुली बक्षीस घ्यायला उभ्या राहतात तसं.

सही करणं काही कठीण नव्हतं. माझ्या हातानं आयुष्यभर दुसरं काय केलं होतं. 'हे केस माझ्या बंधूंचे आहेत' अशी ओळ ऑस्गुडनी लिहून तयार ठेवली होती, खाली फक्त नाव. खाली माझं नाव, आणि वरचं खोटं. मुलीला तिची जागा मिळेल, आईला समाधान, ऑस्गुडना पुरावा. पण मग ती बाई रिकाम्या गळ्यानं तिसऱ्या घोड्याशिवाय उतरणाऱ्या बसमध्ये बसेल, होबर्नला जाईल, आणि एफीचं नाव माझ्या थापेवर टेकून राहील. कोऱ्या कागदावर मी पुष्कळ लिहिलं, पण मरण पावलेल्या मुलीच्या नावाखाली खोटं घालायची माझी तयारी नव्हती. मी लेखणी दौतीत ठेवली. "मिस्टर ऑस्गुड, हे माझे केस आहेत," मी म्हटलं. "चारही. त्याला टक्कल होतं. लोक मागत, म्हणून मी माझे कापून पाठवत असे." मानेमागे पुन्हा टोचलं आणि मी हात नेऊन तिथं दाबला. मिस्टर ऑस्गुड माझ्याकडे, मग पेटीकडे, मग भिंतीवरच्या तरुण ऑगस्टिनच्या चित्राकडे बघत राहिले. त्या माणसाची मला खरंच दया आली. शेवटी ते म्हणाले, "पण मग मखमलीवर ठेवायचं काय?"

मिसेस क्लेगनं ब्रोच उचलून घेतला. ती खिडकीतल्या खुर्चीवर बसली, दोरी ओलांडून, ज्या खुर्चीवर बसायला मनाई आहे तिच्यावर, आणि ऑस्गुडनी तिला उठवलं नाही. बराच वेळ तिनं ब्रोचकडे बघितलं. मी तिच्यासमोर उभी राहिले. माफ करा म्हणायचं होतं, पण माफीनं त्या मुलीला दगड मिळत नव्हता. "तुम्ही मला फसवलंत," ती म्हणाली. मी म्हटलं, "हो." "एवढे लांब केस," ती म्हणाली. "सोड्यात उकळतानाच मला वाटलं होतं. बाईचे केस पाण्यात वेगळे पडतात. पण मी मनाला म्हटलं, गप्प बस." बाहेर बदामाला फुलं आली होती, तिच्या नजरेनं ती सहज तपासली असावीत, कारण क्षणभर तिचे डोळे बारीक झाले. मग तिनं मान वर करून माझ्या पांढऱ्या अंबाड्याकडे बघितलं. "आणि पत्र?" "सही त्याची," मी म्हटलं. "चार वाजताचं?" "ते माझं."

ती उठून माझ्याजवळ आली. मला वाटलं, ब्रोच माझ्या हातात टाकून जाईल, आणि ते योग्यही होतं. तिनं तो आपल्या कॉलरला लावला. पीन आतून बाहेर काढून, पुन्हा आत घालून, बोटानं दाबून नीट बसवला. "मग इतकी वर्षं या ब्रोचशी बोलताना मी तुमच्याशीच बोलतेय," ती म्हणाली. "सगळं सांगितलंय हं मी. नवऱ्याचं, नणंदेचं, सगळं. तुम्हाला म्हणून सांगते, एका बाप्याला हे सांगतेय याची मला जरा लाजच वाटायची." सत्तर वर्षांत मला कुणी असं काही सांगितलं नव्हतं, आणि वाक्य कुठं सुरू करावं तेच कळेना, तिथं संपवायचं दूरच. तिनं कार्ड मात्र घडी घालून खिशात टाकलं, आणि ते मला बघवलं नाही.

मी पिशवी उघडली, खोकल्याच्या गोळ्यांची डबी काढली आणि टेबलावर ठेवली. आत टिशू कागदात ऑगस्टिनचे खरे केस होते, शेवटच्या सकाळी कानामागून कापलेले, बोटाच्या पेराएवढे, पिवळसर पांढरे, दिसतील न दिसतील असे. ते मी माझ्या नावानं द्यायला आणले होते. मिस्टर ऑस्गुडनी चष्मा वर करून बघितलं. "हे फारच... कमी आहेत," ते कष्टी होऊन म्हणाले. "एवढेच होते," मी म्हटलं. "हे मी मिसेस क्लेगना दिले. आता त्यांचे आहेत, आणि त्या तुम्हाला देतील. कार्ड त्यांच्याकडे तयार आहे. वहीत नवी ओळ मी लिहिते." मिसेस क्लेग नको नको म्हणू लागली, असं कसं, भावाचे आहेत, तुमच्याकडे काय उरलं. मी तिला म्हटलं की माझ्याकडे एक खोली होती, बदामाचं झाड होतं, पस्तीस वर्षं होती, मला पुष्कळ उरलं आहे. ते मी तिच्या समाधानासाठी बोलले नाही. बोलताना माझ्या लक्षात आलं की ते अगदी खरं आहे. मग तिनं खिशातून कार्ड काढलं, घडी हातानं दाबून दाबून सपाट केली. मिस्टर ऑस्गुडनी तीन तपकिरी बटा चिमटीनं उचलून मला परत केल्या, मखमलीवर ती पांढरी चिमूट ठेवली, आणि शेजारी एफी क्लेगचं नाव उभं केलं. कार्ड केसांपेक्षा खूप मोठं होतं. पेटी बंद झाल्यावर सगळ्यात आधी तेच वाचलं जात होतं.

वही वाळायला वेळ लागला. मी पहिल्यांदाच पूर्ण पानावर, वरपासून खालपर्यंत, माझं स्वतःचं लिहिलं होतं: हे माझ्या बंधूंचे केस, मी कापले, आणि आज मिसेस क्लेग यांनी दिले. मिस्टर ऑस्गुड टिपकागद शोधायला आत गेले. जिन्याच्या वळणावरचं आमचं जुनं घड्याळ खरखरलं आणि त्यानं चार ठोके दिले. ऊन खिडकीतून आत येऊन खुर्चीवर पडलं होतं. मिसेस क्लेगनं मान वळवून ते ऐकलं, मग माझ्याकडे बघितलं, थोडं रोखूनच. "बाई," ती म्हणाली, "तुम्ही दुपारपासून काही खाल्लंत का?" मी मानेनंच नाही म्हटलं. "बघा," ती म्हणाली, "लोकांना सांगायला बरं." तिनं पिशवीतून रुमालाची गाठोडी काढली, त्यातलं अंडं ऑगस्टिनच्या खिडकीच्या फळीवर टिचकावून सोललं, बोटांनी मोडून दोन केलं, आणि मोठा अर्धा भाग माझ्या तळहातावर ठेवला. मीठ तिच्याकडे कागदाच्या पुडीत होतं.